अंगणापर्यंत चालत गेलेली शाळा

गंगापूर रोडवर सकाळी आठच्या सुमारास उभे राहावे. अशोकस्तंभाकडून जेहान सर्कलकडे आणि तिथून पुढे आनंदवल्ली, सोमेश्वरच्या दिशेने पिवळ्या बसगाड्या, व्हॅन आणि रिक्षा यांची रांग लागलेली असते. सोसायटीच्या फाटकापाशी एखादे आजोबा उभे असतात. दप्तर आजोबांच्या खांद्यावर, पाण्याची बाटली आजोबांच्या गळ्यात आणि नातू त्यांचे बोट धरून उभ्या उभ्या झोपेत. गाडी येते, गाडीतल्या मावशी त्याला उचलून आत घेतात आणि साडेतीन-चार वर्षांचे ते गृहस्थ सात-आठ किलोमीटरच्या प्रवासाला निघतात. वाटेत त्यांना तीन-चार शाळा लागतात. त्या ओलांडून ते आपल्या शाळेत पोहोचतात आणि नेमक्या त्याच वेळी, ओलांडलेल्या त्या शाळांच्या दारात शहराच्या दुसऱ्या टोकाची मुले उतरत असतात.

पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच. पण निर्णयाने बदलली ती घंटेची वेळ. अंतर होते तेवढेच राहिले. पहिल्या थांब्यावरच्या पोराला गाडीसाठी तयार व्हायचे ते लवकरच.

हाच गंगापूर रोड पुढे गंगापूर, गिरणारे मागे टाकून हरसूलच्या डोंगराकडे जातो. तिकडे प्रश्न वेगळा आहे. पाड्यावर शाळा आहे का, असली तर पटसंख्या किती आणि पटसंख्या कमी म्हणून पुढच्या जूनमध्ये ती राहील की नाही, याची चिंता. एकाच रस्त्याच्या एका टोकाला शाळा हाताशी असून मुले लांब जातात आणि दुसऱ्या टोकाला मुले आहेत तिथून शाळाच लांब जाते.

लहान मुलाने शाळेसाठी किती अंतर जावे, याला कायद्याचे उत्तर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर असे अंतर धरले आहे. पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज भरणाऱ्या पालकांना तर हा एक किलोमीटर पाठच झालेला असतो. त्याआधी १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्राथमिक शाळा घरापासून साधारण मैलभराच्या आत असावी, असे म्हटले होते. इंग्लंडच्या १९४४ च्या शिक्षण कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलासाठी दोन मैल ही चालण्याची मर्यादा मानली. आकडे वेगवेगळे, पण पट्टी धरण्याची पद्धत एकच. शाळा जागच्या जागी उभी आहे आणि चालायचे ते मुलाने. ही पट्टी उलटी धरणारी एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, घर सुधारकांचे. मुलीला इंग्रजी शाळेत घालायचे की नाही यावर इतर घरांत वाद होत होते, त्या काळात ही मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली आणि १९१४ साली बी.ए. झाली. पुढच्या वर्षी अमरावतीच्या कृष्णराव मोडक या वकिलांशी विवाह झाला. तो संसार फार वर्षे चालला नाही. १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. आज आपण हे एका वाक्यात लिहून मोकळे होतो. त्या काळी नवऱ्यापासून विभक्त होऊन, पदरी लहान मुलगी घेऊन, परक्या गावी नोकरीला जाणे म्हणजे काय होते, ते आपल्या पणजीला विचारता आले असते तर कळले असते. ताराबाई राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मान मोठा. सामान्य माणसाने तिथेच पेन्शनीपर्यंत मुक्काम केला असता.

ताराबाईंनी मात्र ती नोकरी सोडली. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कुठल्या शाळेत घालावे या विचारात पडले आणि त्यातून वकिलीच सुटली. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मारिया माँटेसरी यांच्या विचारांवर चालणारी ही शाळा, पण हवा सगळी गुजरातची. गोष्टी, गाणी, नाटके, मातीचे खेळ. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मोठ्या मिशांचे गिजुभाई मुलांत इतके रमत की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणू लागले. १९२३ च्या सुमारास ताराबाई त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघे, ती १९३३ पासून मराठीत निघू लागली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मुलांना मारू नये, हे या पत्रिकेमुळे पहिल्यांदा वाचले गेले.

मग मुंबई. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. दादरच्या मध्यमवर्गाला हे मानवले. नोकरदारांची वस्ती, शिकलेल्या आया, शाळा चार गल्ल्यांच्या आत. आई भाजी आणायला निघाली की मुलाला सोडी आणि येताना घेऊन येई. बालशिक्षण म्हणजे दादर-पुण्याकडची, बऱ्या परिस्थितीतल्या घरांची गोष्ट, असा समज तिथून घट्ट झाला असता. ताराबाई शिशुविहारातच राहिल्या असत्या तर एका चांगल्या शाळेच्या संस्थापक म्हणून त्यांचे नाव राहिले असते. त्यांचे खरे काम वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सुरू झाले.

१९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. बोर्डीत आचार्य शंकरराव भिसे यांनी गोखले एज्युकेशन सोसायटीतर्फे शिक्षणाचे मोठे काम उभे केले होते. नाशिककरांना ही संस्था नवखी नाही. गंगापूर रोडच्या शेजारच्या कॉलेज रोडवरचे एच.पी.टी. कॉलेज याच सोसायटीचे, १९२४ सालचे. बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि ताराबाईंना तिथे एक सहकारी मिळाली, अनुताई वाघ. बालविधवा, कष्टाने शिकलेल्या, पस्तिशीच्या. पुण्याला जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या नाशिक जिल्ह्यात शिक्षिकेची नोकरी केली होती, हे इथे आवर्जून सांगायला हवे. खेड्यातली शाळा कशी असते, हे ताराबाईंपेक्षा अनुताईंना अधिक ठाऊक होते.

काळही साधा नव्हता. त्याच १९४५ साली त्याच परिसरात वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा तिथे झुंजत होती. सावकाराच्या शेतावर फुकट राबणारा बाप आणि पोटाला अर्धवट खाल्लेली मुले, अशा मुलखात दोन बायका बालशाळा चालवायला आल्या होत्या. कुणालाही हा खुळेपणा वाटावा.

गावात बालवाडी सुरू झाली. गावठाणातली मुले येऊ लागली. पाड्यांवरची मात्र येईनात. असे झाले की शिक्षणाच्या व्यवहारात एक ठरलेले निदान होते, आजही होते: पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. अहवालात हे वाक्य लिहिले की अधिकारी सुटतो. या दोघींनी ते लिहिले नाही. त्या पाड्यांवर गेल्या आणि मुले का येत नाहीत ते पाहिले.

कारणे डोळ्यांसमोर होती. वारल्यांची घरे गावठाणासारखी एकाला एक लागून नसतात. पाडा दूर, पाड्यातली घरेही विखुरलेली. आई-बाप पहाटे गवत कापायला, लाकडे तोडायला, लावणीला निघून जातात. तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीत पोहोचवायचे कुणी? त्याची सात वर्षांची बहीण पोहोचवील, पण तिच्या कडेवर आणखी एक तान्हे आहे. आठ वर्षांचा भाऊ गुरांमागे गेला आहे. वाटेत ओढा आहे आणि जूनपासून त्याला पाणी आहे. नकाशावर हे अंतर किलोमीटर-दीड किलोमीटर भरले असते. तीन वर्षांच्या पायांना ते पार होणारे नव्हते.

इथे जरा विषयांतर करतो. बँकेत असताना माझी काही वर्षे ग्रामीण शाखांत गेली. १९८९ साली सेवाक्षेत्र योजना आली, तेव्हा प्रत्येक शाखेला पंधरा ते पंचवीस गावे वाटून देण्यात आली. नकाशावर सरळ रेषेत सहा किलोमीटर असलेले गाव पावसाळ्यात नदीपलीकडे राही आणि वीस किलोमीटरचा वळसा पडे. कर्जदार मोठा माणूस, तो कसाबसा येई. पण हप्त्याच्या तारखेला नदीला पूर असला की तोही येत नसे. कागदावरचे अंतर आणि पायांचे अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असो.

ताराबाईंचा निर्णय ऐकायला अगदी साधा आहे. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागली. कुणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडायचे, मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी. शब्द ऐकताच डोळ्यांसमोर उभा राहावा, असा. बालवाडी हा शब्दही याच कामातून रुळला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि हिंदी मुलखापासून दक्षिणेपर्यंत हाच शब्द चालतो. तो बोर्डीच्या पाड्यावरून निघाला आहे, हे आपल्यालाही नेहमी आठवत नाही.

पण अंगणात जायचे तर शाळा उचलता येण्याजोगी हवी. माँटेसरीची साधने सुबक, लाकडी, महाग. दादरला ती ठीक होती. पाड्यावर ताराबाईंनी ती बाजूला ठेवली आणि त्यांच्यामागचे तत्त्व तेवढे घेतले. मोजायला चिंचोके आणि बिया, लहानमोठे, खरखरीत-गुळगुळीत ओळखायला समुद्रावरचे शंख-शिंपले आणि दगड, रंगांसाठी पाने-फुले, आकारांसाठी माती. ज्या वस्तू मुलाच्या हातात रोज असतात त्याच साधन झाल्या. पैसे वाचले, ही त्यातली लहान गोष्ट. शाळेत आल्यावर आपण परक्या घरात आलो असे मुलाला वाटत नसे, ही मोठी.

आणखी एक गोष्ट घडे. अंगणात शाळा भरली की घरी असलेली आजी, आजारी म्हणून कामावर न गेलेली आई, शेजारीण, सगळ्याजणी कडेला बसून पाहत. मुलाला आंघोळ घातल्याने खरूज कमी होते, हे व्याख्यानाने पटले नसते ते डोळ्यांनी पटे. शाळा जवळ असण्याचा फायदा आपण फक्त मुलाच्या पायांत मोजतो. घराला शाळा दिसते, शाळेला घर दिसते, हा फायदा कुठल्याच नियमात लिहिलेला नाही. गंगापूर रोडच्या व्हॅनमध्ये बसून जाणाऱ्या मुलाची आई बाईंना वर्षातून दोनदा भेटते. एरवी मोबाईलवरच्या ग्रुपवर नमस्काराचे हात पाठवते. घरापासून शाळा जितकी दूर तितकी आई-बापांची आणि शाळेची ओळख पातळ होते. मग तक्रारी तेवढ्या उरतात.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथे काम आणखी खोल गेले. अंगणवाडीने लहानग्यांचा प्रश्न सोडवला होता. पण गुरे राखणारा तो आठ-नऊ वर्षांचा भाऊ राहिलाच होता. त्याला शाळेत बसवावे तर गुरे कोण पाहणार, आणि गुरे मालकाची असली तर घरात येणारे धान्य बंद. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा इथे हात टेकतो. सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली बडोदे संस्थानातल्या अमरेलीत केली. हे सयाजीराव आपल्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, बारा वर्षांचे होईपर्यंत अक्षरओळख नसलेले. सक्तीचे मोल त्यांना कळले होते यात नवल नाही. पण सक्ती मुलावर करता येते, मुलाच्या गुरांवर करता येत नाही. ताराबाई-अनुताईंनी शिक्षकाला कुरणावर पाठवले. गुरे चरत असताना झाडाखाली शाळा भरू लागली. तीच कुरणशाळा. जवळ अंगणवाडी, कुरणावर कुरणशाळा, रात्री कामावरून येणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. ज्याला जिथे सोयीचे, तिथे शाळा.

आमच्या जिल्ह्यात २०२३ साली घडलेला प्रसंग कुरणशाळेच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या वस्तीवरची शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे जायला सांगण्यात आले, तेव्हा ती मुले नाशिकला जिल्हा परिषदेवर मोर्चा घेऊन निघाली. दप्तरे परत घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. शाळा नाही तर निदान शेळ्या तरी राखू. कोसबाडला शाळा गुरांपर्यंत चालत गेली होती.

त्याच वर्षी वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात, असा विचार राज्यात पुढे आला आणि त्यावर बराच गदारोळ झाला. या विचारामागे नुसता पैसा वाचवण्याचा डाव आहे, असे मी म्हणणार नाही. आठ मुले, एक शिक्षक आणि चार इयत्ता, तोच शिक्षक जनगणनेला, तोच निवडणुकीला, अशा शाळेत मुलांना काय मिळते, हा प्रश्न खरा आहे. मोठ्या शाळेत खेळगडी मिळतात, ग्रंथालय मिळते, इयत्तेला एक शिक्षक मिळतो. ताराबाईंनाही हे समजत होते. कोसबाडच्या विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्ह्याला कडेवर घेतलेल्या बहिणीने तान्हे पाळणाघरात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि आपण पहिलीत जाऊन बसायचे. एकत्र करणे म्हणजे हे. यात मुलीची गैरहजेरी संपते. समूहशाळेत मात्र सहा वर्षांच्या मुलीला बस पकडायची असते आणि तान्हे घरीच असते. मग पटावर नाव राहते आणि बाकावर मुलगी नसते.

ताराबाईंच्या कामात मला सर्वांत पटणारी गोष्ट ही की त्यांनी सर्व वयांना एकच मोजपट्टी लावली नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी अंगण, त्यानंतर पाड्याजवळची शाळा, पाय घट्ट झाले की मग गाव. अंतर वयाबरोबर वाढावे. शहरात आपण नेमके उलटे करतो. साडेतीन वर्षांच्या पोराला नाव मिळवलेल्या शाळेसाठी शहराच्या टोकाला पाठवतो, कारण तिथे बालवर्गात शिरला तरच दहावीपर्यंतचे तिकीट पक्के होते. आणि तोच मुलगा पंधरा वर्षांचा, सायकलवर कुठेही जाण्याजोगा झाला की घराजवळचे कॉलेज बघतो! प्रवेशाच्या या व्यवहारात पालक एकटे दोषी नाहीत. बालवर्गातच दरवाजा बंद करणाऱ्या शाळाही आहेत. पण रोज तासभर गाडीत बसणाऱ्या मुलाचा तो तास कुणाच्या हिशेबात धरला आहे, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. बँकेत असतो तर मी तो अनुत्पादक खर्चाखाली लिहिला असता.

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा याच काळातला, १९४७ चा. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. या सगळ्याने त्यांच्या दिनक्रमात फार फरक पडला असे दिसत नाही. उतारवयातही कोसबाडला शिक्षिकांचे प्रशिक्षण हा त्यांचा मुख्य व्याप होता. पाड्यावर जाणारी बाई शिकलेली नसेल तर अंगणवाडी म्हणजे मुले सांभाळण्याची जागा होऊन बसेल, हे त्या ओळखून होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. शाळा वस्तीत, पाड्यात असावी, ही कल्पना सरकारने उचलली. तिथे पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी आल्या आणि त्याने असंख्य मुले जगली; हे काम लहान नाही. मात्र गाणी, गोष्टी, चिंचोके यांना वेळ अपुरा पडू लागला. अंगणवाडी सेविकेच्या हाती इतकी रजिस्टरे आणि पुढे मोबाईलवरच्या इतक्या नोंदी आल्या की मुलांकडे तोंड करून बसायला तिला फुरसत मिळेना. महाराष्ट्रात २००० नंतरच्या काही वर्षांत शाळा नसलेल्या वाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी तुटपुंज्या मानधनावर शिकवू लागली. त्या शाळाही ताराबाईंच्याच वाटेवरच्या होत्या.

अनुताई वाघ ताराबाईंनंतरही कोसबाडलाच राहिल्या. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्या गेल्या. कोसबाडच्या अनुभवांवरचे त्यांचे पुस्तक जुन्या ग्रंथालयांत अजून सापडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते सहा या वयाचे शिक्षण पहिली-दुसरीशी जोडावे आणि जिथे शक्य तिथे अंगणवाडी प्राथमिक शाळेच्याच आवारात असावी, असे म्हटले आहे. विकासवाडीच्या आवारात हे होतेच. शिवाय तिथे तान्ह्यांसाठी पाळणाघर होते, ते मात्र नव्या आराखड्यांत अजून क्वचितच दिसते.